गळाची माशी आणि सह्याद्रीचा रानकोंबडा

मासे धरण्याचा गळ आमच्या मुरुमच्या वाचकांस अपरिचित नाही. ओढ्याकाठी अथवा तलावाच्या बांधावर बसून गळास गांडूळ किंवा कणकेची गोळी लावणारी मुले व वृद्ध आपण नेहमी पाहतो. परंतु गांडूळ नाही, कणीक नाही, केवळ दोन-चार पिसे दोऱ्याने गळावर बांधून त्यांवर मासा भुलविता येतो, असे सांगितले असता पुष्कळांस ते खरे वाटत नाही. पाश्चात्य देशांत ही कला कित्येक शतके चालत आली असून अशा बनावटी आमिषास तिकडे ‘फ्लाय’ म्हणजे माशी म्हणतात. मासा व माशी या शब्दांच्या साम्यामुळे मराठीत थोडा घोटाळा होतो खरा. तो वाचकांनी सांभाळून घ्यावा. या माशीकरिता पिसे कशी निवडितात व कशी वापरितात, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. त्याचे कारण असे की, या कलेत ज्या पिसाची अतिशय वाखाणणी झाली आहे, ते पीस आपल्याच सह्याद्रीतील एका पक्ष्याच्या मानेवर उगवते. आणि या वाखाणणीने त्या पक्ष्याचे हित झालेले नाही.

पीस निवडताना रंगाचा विचार मागाहून करावा. ते पाण्यात कसे वागेल, हे आधी पाहावे लागते. पाण्यावर तरंगणारी माशी करावयाची असल्यास नर कोंबड्याच्या मानेचे किंवा पाठीचे अरुंद, चकचकीत व ताठ पीस घेतात. ते गळाच्या दांड्याभोवती गुंडाळले म्हणजे त्याचे तंतू चोहो बाजूंस काट्यांप्रमाणे उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर माशी पाण्याच्या पृष्ठभागी टेकून राहते. पाण्याखाली जाणारी माशी हवी असल्यास याच्या उलट, म्हणजे कोंबडीचे किंवा तितराचे मऊ पीस घ्यावे. त्याचे तंतू प्रवाहात हलतात व जिवंत किड्याच्या पायांचा भास उत्पन्न करितात. याची परीक्षा अगदी सोपी आहे. पीस बोटावर वाकवावे, म्हणजे तंतू उभे राहतील. त्यांची टोके ओठास लावून पाहावी. टोचल्यास पीस ताठ समजावे. दांड्यालगत जो कापसासारखा भाग असतो तो पाणी शोषून घेतो. तो जितका कमी, तितके पीस तरंगण्यास उत्तम. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिच्या सभोवतीची लहान पिसेही तरंगणाऱ्या माशीस फार उपयोगी पडतात.

मोरपिसाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या लांब तंतूंवर बारीक लव असते. असे दोन-तीन तंतू एकत्र पिळून गळावर गुंडाळले की हिरवट तांबूस झळकणारे किड्याचे अंग आयतेच तयार होते. विद्यार्थ्यांनी एक प्रयोग अवश्य करून पाहावा. मोरपीस उजेडाकडे धरून त्याच्या आरपार पाहावे. निळे-हिरवे तेज नाहीसे होऊन ते केवळ तपकिरी दिसेल. कारण मोरपिसात निळा अथवा हिरवा रंग मुळीच नाही. आतील अतिसूक्ष्म कणांच्या रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन तो रंग भासतो. यामुळेच रंगविलेले पीस उन्हाने विटते, परंतु मोरपीस वर्षानुवर्षे पुस्तकात राहूनही तसेच झळकते.

आता पिसाच्या घडणीविषयी थोडेसे. पिसाच्या दांड्यास दोन्ही बाजूंनी तंतू फुटलेले असतात आणि त्या तंतूंस त्याहून बारीक उपतंतू असून त्यांस सूक्ष्म आकड्या असतात. या आकड्या शेजारच्या तंतूत अडकतात, म्हणून पीस अखंड पात्याप्रमाणे दिसते. विसकटलेले पीस दोन बोटांत धरून हलकेच ओढले असता पुनः जुळते, हे सर्वांनी पाहिले आहे. इंग्रज कारागिरांनी या गुणाचा मोठा चतुराईने उपयोग केला. एका पक्ष्याचे चार तांबडे तंतू, दुसऱ्याचे चार पिवळे, तिसऱ्याचे चार निळे, असे एकमेकांस लावून ते बोटाने चेपीत गेले म्हणजे आकड्या परस्परांत गुंतून एकच पट्टेदार पंख तयार होतो. गोंद नको, दोरा नको.

अशा रीतीने एकोणिसाव्या शतकात सामन माशाकरिता ज्या माश्या बांधल्या जात, त्यांचा थाट दरबारी सरदाराच्या तुऱ्यास लाजवील असा होता. ‘जॉक स्कॉट’ नामक एका प्रसिद्ध माशीत चीनमधील सोनेरी फेझंटाचा तुरा, दक्षिण अमेरिकेतील टूकानाची पिवळी पिसे, मकाव पोपटाचे निळे तंतू, गिनी कोंबडीची ठिपकेदार पिसे आणि आपल्या रानकोंबड्याचे पीस इतका सरंजाम लागे. जॉर्ज केल्सन या ग्रंथकाराने १८९५ साली अशा माश्यांच्या कृतींचा मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. या याद्यांत ‘इंडियन क्रो’ म्हणजे हिंदी कावळा असे एक नाव वारंवार येते. तो पक्षी कावळाही नव्हे आणि हिंदुस्थानचाही नव्हे, दक्षिण अमेरिकेच्या रानातील तांबड्या गळ्याचा एक फळभक्षक पक्षी आहे. व्यापाऱ्यांनी ठेविलेल्या नावांवर किती विश्वास ठेवावा, याचा हा एक मासला.

आपला रानकोंबडा मात्र खराखुरा येथलाच. त्यास राखी रानकोंबडा म्हणतात. सॉनेरा या फ्रेंच प्रवासी शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ टेमिंक याने १८१३ साली त्याचे शास्त्रीय नाव ‘गॅलस सॉनेराटी’ असे ठेविले. आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या उघड्या माळांवर तो आढळत नाही. त्याचे आरवणे ऐकावयाचे तर कोयनेच्या किंवा भीमाशंकराच्या दाट रानात पहाटे जावे लागते. नराचे अंग राखी व शेपटी काळसर झळाळती असते. परंतु खरी शोभा मानेची. तेथील प्रत्येक लांबट पिसाच्या टोकाशी पिवळसर नारिंगी व त्याच्या वरच्या बाजूस पांढरट असे ठिपके असतात. जणू कोणी वितळलेल्या लाखेचे थेंबच तेथे सोडले आहेत. या ठिकाणी तंतू सुटे न राहता एकमेकांस जुळून त्यांची गुळगुळीत, कठीण चकती झालेली असते. माशीच्या दोन्ही बाजूंस असे एकेक पीस बसविले म्हणजे लहान माशाचा डोळा दिसू लागतो. पाण्याने ते फुगत नाही व त्याची झळाळी जात नाही. दुसऱ्या कोणत्याही पिसात हा गुण इतका उतरलेला नाही, हे आम्हांसही मान्य केले पाहिजे.

याच पक्ष्याचा आपल्या परसाशी एक विलक्षण संबंध आहे. पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा होय. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असे आढळून आले की, पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचा व पिवळ्या पायांचा गुण राखी रानकोंबड्याच्या वंशाकडून आला आहे. तेव्हा ज्याच्या खुराड्यात पिवळ्या पायांची कोंबडी आहे, त्याच्या घरी या रानकोंबड्याचा थोडा तरी अंश नांदत आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही लाखेच्या थेंबांची पिसे नराच्या मानेवर बारमाही नसतात. विणीचा हंगाम सरून पावसाळा लागला की ती गळून पडतात व तेथे आखूड, काळपट, साधी पिसे येतात; पुढे पुनः नवी पिसे फुटतात. अर्थात ज्या शिकाऱ्यास उत्तम पिसांची मान हवी, त्यास नर ऐन जोडी करण्याच्या दिवसांत मारावा लागे. एका पक्ष्याच्या मानेतून माश्या पुष्कळ निघत असत, तथापि गिऱ्हाईकही तितकेच मोठे होते. टोप्यांच्या शोभेकरिता चाललेला पिसांचा व्यापार तर याहून किती तरी प्रचंड. अखेर १९०२ साली हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची कातडी व पिसे परदेशी पाठविण्यास मनाई केली. इंग्लंडात तशा पिसांची आयात बंद करणारा कायदा १९२१ साली झाला. चोरटा व्यापार त्यानंतरही चालूच राहिला. स्वतंत्र भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यास संरक्षण दिले आहे. आता इंग्लंडात राखी रानकोंबडे पिंजऱ्यात वाढवून त्यांच्या माना विकितात. त्या महाग असतात, परंतु त्यांकरिता रानातील पक्ष्यास हात लागत नाही.

पिसांचा हा लोभ मनुष्यास कोठवर नेतो, याचे एक उदाहरण सांगतो. २००९ च्या जून महिन्यात इंग्लंडातील ट्रिंग येथील संग्रहालयात एका रात्री खिडकी फोडून चोरी झाली व २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी नाहीशी झाली. चोर कोणी दरोडेखोर नव्हता. लंडनात बासरीवादन शिकणारा, माश्या बांधण्यात निष्णात असा एक अमेरिकन तरुण होता. चोरीच्या मालात आल्फ्रेड रसेल वॉलेस या थोर निसर्गशास्त्रज्ञाने मलाया द्वीपसमूहात जमविलेले पक्षीही होते. पिसे उपटून लहान लहान पुड्यांतून माश्या बांधणाऱ्यांस विकली गेली. पुढे तरुण पकडला गेला, त्याने गुन्हा कबूल केला. परंतु कित्येक पक्षी परत मिळाले नाहीत आणि मिळाले त्यांतील पुष्कळांच्या पायांच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या. चिठ्ठीवाचून काय अडते, असे कोणी विचारील. त्या चिठ्ठीवर पक्षी कोठे व कोणत्या दिवशी मिळाला हे लिहिलेले असते. जुन्या समुद्रपक्ष्यांची पिसे तपासून समुद्रात पारा कसा वाढत गेला, हे शास्त्रज्ञांस ताडता आले, ते अशाच चिठ्ठ्यांच्या आधारावर. स्थळकाळ हरवला की ते पीस केवळ शोभेचे राहते.

आणि हे सर्व कोणासाठी? सामन मासा समुद्रातून नदीत अंडी घालण्यास चढू लागला म्हणजे खाणेच सोडून देतो. स्कॉटलंडच्या नदीतील त्या उपाशी प्राण्याने टूकान पक्षी स्वप्नात तरी पाहिला असेल काय? तो माशीवर झडप का घालतो, याविषयी जाणत्यांत अद्याप वाद आहे. पण रंगविलेल्या हंसाच्या किंवा टर्कीच्या पिसांवरही तो तसाच येतो, हा अनुभवाचा भाग आहे. आपल्याकडील महसीर तर खाण्यात मुळीच चोखंदळ नाही. फळे, खेकडे, लहान मासे, जे मिळेल ते तो घेतो. दख्खनच्या महसीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून १८३९ साली केले, आणि हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर थॉमस या मद्रासेकडील अधिकाऱ्याचे पुस्तक १८७३ साली मंगळूरास निघाले. तेव्हापासून या माशाच्या मागे अनेक शौकीन लागले. आमच्या मते दुर्मीळ पिसांची माशी ही बांधणाऱ्याच्या डोळ्यांकरिता असते, माशाच्या नव्हे. ती काचेच्या पेटीत ठेवणाऱ्यांची संख्या ती पाण्यात टाकणाऱ्यांहून अधिक असावी, असा आम्हांस दाट संशय आहे.

तेव्हा ज्या विद्यार्थ्यास ही कला हातांनी करून पाहावयाची असेल, त्याने परसातील कोंबड्यापासून आरंभ करावा. सणावारी घरात कोंबडा कापला गेला की मानेची व पाठीची पिसे फेकून न देता वेगळी ठेवावी. अमेरिकेत केवळ पिसांकरिता कोंबड्यांच्या जाती निपजविल्या असून त्यांच्या एकाच लांब पिसात अनेक माश्या होतात. २०११ साली तिकडील स्त्रियांत तीच पिसे केसांत गुंफण्याची टूम निघाली आणि मासे धरणाऱ्यांस पिसे मिळेनाशी झाली, ही मौज आम्ही वाचली आहे. मोराची पिसे पावसाळ्याच्या अखेरीस आपोआप गळतात. वासुदेवाच्या टोपीस लागतात तीच ही पिसे. अशी गळालेली पिसे देशात बाळगण्यास कायद्याची मोकळीक आहे, परदेशी पाठविण्यास नाही. मोर मारणे अर्थातच मोठा गुन्हा आहे. नीलकंठ, खंड्या वगैरे रानपक्ष्यांचे पीस वाटेत पडलेले दिसले तरी ते उचलून संग्रही ठेवू नये. पीस गळालेले की उपटलेले, हे नुसत्या पिसावरून मागाहून कोणास सिद्ध करिता येत नाही.

पिसे कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवावी व सावलीत वाळवावी. पंखांची पिसे घेताना डाव्या पंखाचे एक व उजव्या पंखाचे एक अशी जोडी जुळवावी. दोन्ही एकाच बाजूची घेतली तर माशी पाण्यात गरगर फिरते. वाकलेले पीस फेकून देऊ नये. किटलीच्या वाफेवर क्षणभर धरिले की ते पुनः सरळ होते. शेवटी सर्व पिसे घट्ट झाकणाच्या डब्यात डांबराच्या गोळ्यांसह ठेवावी आणि दर महिन्यास डबा उघडून पाहावा, कारण कसरीची अळी एकदा आत शिरली तर ती कोंबड्याचे पीस व मोराचे पीस सारख्याच आवडीने खाते.