अंगणातले काळे ठिपके

दिवाळीच्या आधी घरोघरी जशी झाडलोट निघते, तशी आमच्याकडे शाबान महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निघते. चंद्र दिसला की दुसऱ्या दिवसापासून रोजे सुरू. मग भरदुपारी बादल्या उचलायचे त्राण कुणाला राहणार? म्हणून आधी भांडी, मग पडदे, सतरंज्या आणि सर्वांत शेवटी अंगण.

सोलापुरातल्या आमच्या जुन्या घराचे अंगण शहाबादी फरशीचे आहे. अब्बांनी १९७८ साली ती बसवून घेतली. शहाबाद हे आपल्याच रेल्वेमार्गावरचे, कलबुर्गी जिल्ह्यातले गाव. तिथल्या खाणींतला हा करडा दगड आपल्या भागात देवळाच्या ओवरीत, मशिदीच्या हौदाकाठी आणि शाळेच्या व्हरांड्यात सारखाच दिसतो. आमचा इफ्तारचा दस्तरखान याच फरशीवर पसरतो. समोरचे काका-काकूही रमजानात एकदा तरी त्यावर येऊन बसतात.

या फरशीवर काही वर्षांपूर्वी काळे ठिपके दिसू लागले. आधी मोहरीएवढे, मग रुपयाएवढे. कुणीतरी डांबर शिंपडल्यासारखे. साबण झाला, सोडा झाला, नारळाच्या शेंडीने घासून झाले. ठिपके जागचे हलले नाहीत. अब्बा गेल्यावर अम्मी त्या ठिपक्यांकडे जरा जास्तच बघू लागली. त्यातच एका पावसाळ्यात, पहाटे वजूसाठी नळाकडे जाताना, तिचा पाय सरकला. हाड मोडले नाही, पण मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केले. घाई केली.

ओळखीच्या एका गवंड्याने सांगितले, "सर, ॲसिड टाका, दोन मिनिटांत साफ." मी संडास धुण्याचे ॲसिड आणून नळाजवळ ओतले. फस्सकन फेस आला. ठिपके फिकट झाले तसा मी खूश झालो. पाणी मारून फरशी वाळली, तेव्हा तिथे पांढुरका, खरखरीत डाग उमटला होता. अम्मी दारात उभी होती. एवढेच म्हणाली, "फत्तर जल गया ना, बेटा." पुढच्या पावसाळ्यानंतर काळे ठिपके परत आले, आणि नेमके त्याच जळलेल्या जागी जास्त दाट.

कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना मी हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही डाग घालवायला गेलात. तो डाग नाहीच. तो जीव आहे."

त्या जिवाला मराठीत शैवाक म्हणतात. शेवाळ वेगळे आणि शैवाक वेगळा. शैवाक म्हणजे एका बुरशीने आणि एका शैवालाने मिळून थाटलेला संसार. शैवाल उन्हातून अन्न बनवते, बुरशी त्याला आसरा आणि ओल देते. १८६७ साली स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी हे एक नव्हे, दोन जीव आहेत असे मांडले, तेव्हा त्या काळातल्या अनेक जाणकारांना ते पटले नव्हते. दगडाला चिकटून वाढणारे शैवाक वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर पसरतात, कित्येकदा त्याहूनही कमी. म्हणजे रुपयाएवढा ठिपका हे बऱ्याच वर्षांचे काम. शहाबादी हा चुनखडीचा दगड. त्याच्या बारीक छिद्रांत बुरशीचे तंतू आत शिरतात. वरून घासल्याने फक्त माथा निघतो, मूळ आत राहते.

ॲसिडचा घोटाळाही तेव्हाच उमगला. ॲसिड चुनखडीला खाते. तो फेस म्हणजे माझा दगडच विरघळत होता. दगड खरखरीत झाला, ओल आणि धूळ धरू लागला आणि शैवाकाला आयते घर मिळाले. कोटा, संगमरवर यांचेही तेच. लिंबू आणि व्हिनेगरसुद्धा त्यांच्यावर डाग पाडतात.

मग उपाय काय? आधी खुंटी उपटायची नाही, जीव मारायचा. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे साधे द्रव ब्लीच. कॅनवर टक्केवारी पाहून घ्यावी. दहा-बारा टक्क्यांचे असेल तर तेवढेच पाणी घालावे. जुना कॅन घेऊ नये, साठवणीत त्याचा जोर कमी होतो. आधी एका कोपऱ्यातल्या फरशीवर करून पाहावे.

अंगण झाडून, पूर्ण कोरडे असताना द्रावण ठिपक्यांवर लावावे, कारण कोरडा शैवाक ते जास्त शोषतो. कडक ऊन टाळावे, सकाळ किंवा संध्याकाळ बरी. आणि इथेच खरी परीक्षा आहे. लावून लगेच घासायचे नाही. दोन-तीन तास ते ओले राहिले पाहिजे. वाळू लागले की पुन्हा लावायचे. मग नायलॉनच्या ताठ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचे. तारेचा ब्रश नको, त्याचे कण दगडात अडकून गंजतात. जोराच्या फवाऱ्याचे यंत्र लावले तर सांध्यांतला चुना-सिमेंट उडतो. हट्टी ठिपक्यांना आठ दिवसांनी दुसरा हात द्यावा. एवढे करूनही कुठे फिकट सावली उरते. ती राहू द्यावी.

एक गोष्ट मात्र कुणीही विसरू नये. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नये, एकावर एक ओतूही नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. अमोनिया असलेल्या साबणाशीही त्याची गाठ घालू नये. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगावर जुने कपडे हवेत. लेकरे आणि मांजरे घरात ठेवावीत. कडेच्या तुळशीला, मोगऱ्याला आधी आणि नंतर साधे पाणी द्यावे. आणि हा घरगुती उपाय जुन्या देवळाच्या, दर्ग्याच्या किंवा किल्ल्याच्या दगडावर करू नये. तिथे जतनाचे शिक्षण घेतलेल्या माणसालाच विचारावे.

शैवाक पुन्हा येऊ नये, यासाठी मात्र औषधापेक्षा सवय मोठी. पाणी साचणारी जागा उताराला लावावी, सावली धरणारी फांदी छाटावी, पक्ष्यांची विष्ठा वेळच्या वेळी धुवावी. दरवर्षी पावसाळा संपला की एकदा ब्रश फिरवावा. शैवाकाला ओल आणि निवांतपणा लागतो. तोच काढून घ्यायचा.

यंदा शाबानमध्ये मी दोन रविवार याला दिले. पहिल्या रविवारी द्रावण लावून नुसता बसून राहिलो तेव्हा अम्मीने विचारले, "फत्तर को भी जान रहती क्या?" मी म्हणालो, दगडाला नाही, पण दगडावर असते. मग तिला सांगितले की आपण निहारीच्या पोटलीत जे पत्थर का फूल घालतो, तोही शैवाकच. समोरच्या काकूंच्या गोडा मसाल्यातले दगडफूलही तेच. अंगणातला काळा ठिपका त्याचाच लांबचा नातेवाईक, पण तो खायचा नाही. अम्मी खूप वेळ हसली. काकूंना तिने ही गोष्ट त्याच संध्याकाळी सांगितली.

दुसऱ्या रविवारी फरशीचा करडा रंग दिसू लागला. नळाजवळचा पांढुरका डाग मात्र तसाच आहे. तो जाणार नाही. सहेरीच्या अंधारात अम्मी आता तिथून निर्धास्त चालते. खरखरीत दगडावर पाय सरकत नाही, असे ती म्हणते. तिने मला माफ केले आहे, एवढाच मी त्याचा अर्थ घेतो.