‘सगळं फोनमध्ये आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

घर आवरण्याचा, कामाचं टेबल लावण्याचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं. “कागद कशाला सांभाळायचे? सगळं फोनमध्ये आहे.” कुवेतच्या रुमैथियात शुक्रवारी कुणाकडे जेवायला गेलं तरी हेच, साल्मियात गणपतीच्या आरतीनंतर हेच. बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरून काम करणारी असते. टेबल लख्ख, कपाट रिकामं, जुन्या फायली हारिसाकडून, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराकडून, कचऱ्यात गेलेल्या. हे ऐकलं की मला राग येतो, आणि त्याला कारण आहे. आखातात राहणाऱ्या मराठी घराचं इतकं नुकसान दुसऱ्या कुठल्याच आवराआवरीने होत नाही.

आधी त्यात खरं किती ते मान्य करू. कुवेत सरकारचं ‘साहेल’ ॲप २०२१ मध्ये आलं आणि खेटे खरोखर कमी झाले. सिव्हिल आयडी फोनवर दिसतो, बहुतेक ठिकाणी चालतो. १० मार्च २०१९ पासून परदेशी लोकांच्या पासपोर्टवर इकाम्याचं, म्हणजे निवास परवान्याचं, स्टिकर लावणंही थांबलं, माहिती सिव्हिल आयडीला जोडली गेली. म्हणजे कुवेतने स्वतः दिलेल्या आणि कुवेतमध्येच दाखवायच्या ओळखपत्राबाबत फोनवाल्यांचं बरोबर आहे. चूक पुढे होते. एक कागद फोनमध्ये चालतो म्हणून सगळेच चालतील, असं गृहीत धरलं जातं.

फोनमध्ये तीन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, सरकारी यंत्रणेने थेट पाठवलेला दस्तऐवज. दुसरी, तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेली फाईल. तिसरी, गॅलरीतला फोटो. पडद्यावर तिन्ही सारख्याच दिसतात, पण खिडकीपलीकडच्या माणसासाठी त्यांची किंमत सारखी नसते. डिजिलॉकरचंच घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल लॉकरच्या नियमांत दुरुस्ती करून नियम ९अ घातला. त्यानुसार डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याने ‘जारी’ केलेला दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. ‘जारी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. त्याच ॲपमध्ये ‘अपलोड’ असा दुसरा कप्पा असतो. तिथे आपण आपल्या हाताने टाकलेली पदवी ही कायद्याच्या दृष्टीने निव्वळ एक चित्र आहे. डिजिलॉकर वापरणाऱ्यांना विचारा, तुमची पदवी कुठल्या कप्प्यात आहे? बऱ्याच जणांनी ते पाहिलेलंच नसतं.

शिवाय लॉकर उघडणार कसा? ओटीपी बहुतेक वेळा येतो आधारला जोडलेल्या भारतीय नंबरवर. तो नंबर इथे आल्यावर कुठल्या तरी ड्रॉवरमधल्या जुन्या हँडसेटमध्ये पडून असतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरात नसेल आणि खात्यात किमान वीस रुपयेही नसतील, तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. म्हणजे तुमच्या कपाटाची किल्ली अनोळखी माणसाच्या खिशात. घरातला कुठलाही कागद असा आपोआप परक्याच्या हाती जात नाही.

आता मूळ कागदाकडे येऊ. कुणाकडे कुवेतसाठी साक्षांकित केलेली पदवी असेल तर ती एकदा उजेडात धरून बघा. पुढच्या बाजूला विद्यापीठाचं नाव, तुमचं नाव, श्रेणी, कुलगुरूंची सही. आता उलटी करा. मागे राज्य सरकारचा शिक्का, त्याखाली दिल्लीतल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग कुवेत दूतावासाचा, आणि इथे आल्यावर कुवेतच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. ज्या देशांत अपोस्टील चालतं तिथे एका शिक्क्यात काम होतं. कुवेतसाठी ही सगळी साखळी पार करावी लागते, आणि तिला महिने लागू शकतात. इथल्या कार्यालयाच्या दृष्टीने कागदाची खरी किंमत त्या मागच्या बाजूला आहे. आणि लोकांच्या फोनमध्ये फोटो कुठल्या बाजूचा असतो? पुढच्या. तोही व्हॉट्सॲपवरून नवऱ्याने बायकोला, बायकोने एजंटला पाठवलेला, प्रत्येक वेळी आणखी दाबला गेलेला. त्यात नाव कसंबसं वाचता येतं. शिक्क्यातली तारीख नाहीच.

२०१८ साल इथल्या अभियंत्यांना आठवत असेल. इकाम्याच्या नूतनीकरणासाठी कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचं ना-हरकत पत्र अचानक बंधनकारक झालं, आणि त्यासाठी भारतातल्या कॉलेजचा अभ्यासक्रम राष्ट्रीय मान्यता मंडळाने, म्हणजे एनबीएने, मान्यता दिलेला असावा अशी अट आली. एनबीएची स्थापनाच १९९४ ची. त्याआधी पदवी घेऊन वर्षानुवर्षं इथे काम करणाऱ्यांनी काय दाखवायचं? तो सगळा गोंधळ अन्याय्य होता, हे माझं स्पष्ट मत आहे. पण त्या काळात पदवी, प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, कॉलेजची पत्रं हे सगळं मूळ स्वरूपात मागितलं जात होतं, आणि ज्यांचं एका पाकिटात होतं त्यांचा निदान एक ताप वाचला.

त्याहून मोठं उदाहरण १९९० चं. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सुमारे १,७०,००० भारतीयांना प्रामुख्याने अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी नेलं गेलं. घरं, गाड्या, बँकेतले दिनार मागे राहिले. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात नुकसानभरपाई आयोग नेमला. भारतीयांचे दावे भारत सरकारमार्फत गेले. आयोगाने दाव्यांचे वर्ग पाडले होते. ‘अ’ वर्गात तुम्ही २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात कुवेत किंवा इराक सोडला एवढं साध्या कागदाने दाखवायचं होतं. त्यासाठी ठरावीक रक्कम होती, एकट्याला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००. प्रत्यक्ष किती बुडालं ते मागायचं तर ‘क’ वर्ग, एक लाख डॉलरपर्यंत, आणि त्याच्यावर ‘ड’. तिथे काय होतं आणि किती किमतीचं होतं याचा पुरावा हवा. आयोगाने एकूण ५२.४ अब्ज डॉलर मंजूर केले, शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये गेला. इतक्या मोठ्या पसाऱ्यात एका घराचा दावा त्या घराने सोबत आणलेल्या कागदांइतकाच भक्कम होता.

“ते तेव्हाचं झालं,” असं कुणी म्हणेल. २३ जून २०२५ रोजी कुवेतचं हवाई क्षेत्र काही तासांसाठी बंद झालं होतं. त्या संध्याकाळी आपापल्या घरात किती जणांना मुलांचे पासपोर्ट दिव्याशिवाय सापडले असते, हा प्रश्न मी गांभीर्याने विचारते आहे.

मग करायचं काय? कागद विषयांप्रमाणे लावायची सवय सोडा. बँक, शाळा, गाडी, आरोग्य अशा बारा फायली सुंदर दिसतात आणि घाईत एकही कामाला येत नाही. समोरचा माणूस काय मागणार, त्यावरून लावा. ज्यांचं मूळच लागतं ते एका चेनच्या, हातात उचलता येईल अशा फोल्डरमध्ये: पासपोर्ट, साक्षांकित पदव्या, विवाह आणि जन्माचे दाखले, भारतातल्या जागेचे दस्त, मृत्युपत्र. ज्यांचं सरकारी डिजिटल रूप चालतं ते ॲपमध्ये, पण ॲप चालू आहे का हे महिन्यातून एकदा उघडून बघून. आणि ज्यांचा फोटो पुरतो, उदाहरणार्थ दुकानाच्या पावत्या, त्यांचा फोटो काढून कागद टाकून द्या. घरून काम करणाऱ्यांनी कंपनीचे कागद या तिन्हींत मिसळू नयेत. कंपनीचा ढीग वेगळ्या ड्रॉवरमध्ये; नोकरी सुटली की तो परत करायचा असतो, आणि त्यात आपल्या मुलीचा जन्मदाखला निघू नये.

फोल्डरची जागाही महत्त्वाची. इथल्या व्हिलांत भाडेकरूंना बरेचदा गच्चीवरची खोली सामान ठेवायला मिळते. तिथे कागद ठेवू नका. कुवेतमधल्या मित्रिबाला २०१६ च्या जुलैमध्ये ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, जागतिक हवामान संघटनेने पडताळून मान्य केलेला आकडा. एसी नसलेल्या गच्चीवरच्या खोलीत कागद ठिसूळ होतो, गोंद सुटतो, प्लास्टिकचं पाकीट अक्षरांना चिकटतं. शिवाय धूळ. तोझ, म्हणजे धुळीचं वादळ, आली की खिडकी बंद असूनही पिठासारखी बारीक माती आत येते, ती उघड्या फायलीत शिरतेच. झोपायच्या खोलीतलं कपाट, खालचा कप्पा, चेन लावलेलं फोल्डर.

रुमैथियात भाड्याने राहणाऱ्यांसाठी आणखी एक. मालकाने व्हिला पाडायला घेतला किंवा मजला रिकामा झाल्याचं कळवलं की नागरी माहिती प्राधिकरण त्या पत्त्यावरची नावं काढून टाकतं आणि राजपत्रात यादी येते. तीस दिवसांत नवा पत्ता नोंदवला नाही तर १९८२ च्या ३२ क्रमांकाच्या कायद्याखाली शंभर दिनारपर्यंत दंड होऊ शकतो. भाडेकरार आणि भाड्याची शेवटची पावती म्हणूनच त्याच फोल्डरमध्ये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“महत्त्वाचे कागद लॅमिनेट करावेत.” दहावीचं प्रमाणपत्र हाती पडलं की आपल्याकडे पहिली धाव लॅमिनेशनच्या दुकानाकडे असते. कृपया थांबा. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही आणि साक्षांकनासाठी तो परत केला जातो. गरम प्लास्टिक सोडवताना शाई आणि कागद दोन्ही सुटतात. अभिलेखागारांत हातलॅमिनेशन होत असे हे खरं, पण ते ॲसिटोनने पुन्हा उकलता येईल अशा पद्धतीचं. कोपऱ्यावरच्या दुकानातलं उकलत नाही. बाजू उघडी असलेलं पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट पुरेसं आहे.

“वॉरंटीची बिलं प्लास्टिकच्या खिशात सुरक्षित.” ती छपाई उष्णतेवर चालते. मऊ पीव्हीसीतली रसायनं ती पुसट करतात आणि गाडीत ठेवलं तर कागद काळा पडतो. घेतल्या दिवशी फोटो काढा. हे काम फोनचंच.

“मारी कोंडो म्हणतात, कागद सगळे टाका.” आवराआवरीवर लिहिणाऱ्या कोंडोंचा मूळ नियम तसाच कडक आहे, पण कायम ठेवायच्या कागदांचा अपवाद त्यांच्याच पुस्तकात आहे. तो न वाचता सल्ला पुढे ढकलणाऱ्यांनी परदेशात राहणाऱ्यांना तो देऊ नये.

“जुना पासपोर्ट बाद झाला, टाकून द्या.” भारतात एखाद्या वर्षात किती दिवस होतात हे दाखवायचं तर जुन्या पानांवरचे शिक्केच कामी येतात. सगळे जुने पासपोर्ट नव्यासोबत ठेवा.

“मूल इथे जन्मलं, कुवेती दाखला मिळाला, झालं.” नाही. भारतीय नागरिकत्वासाठी एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्मनोंद करायची असते. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते.

“एकवीस दिवसांत नीटनेटकेपणाची सवय लागते.” लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जण होते; सवय लागायला साधारण ६६ दिवस लागले, आणि फरक १८ पासून २५४ पर्यंत. तीन आठवड्यांत जमलं नाही म्हणून सोडू नका.

“आधी डबे आणि खण आणू, मग लावू.” उलट करा. टाकायचं ते टाकल्यावर डबे निम्मेही लागत नाहीत.

“घरात एकाला माहीत असलं की पुरे.” हा गैरसमज लहान नाही, फक्त त्याबद्दल बोलायला लोक कचरतात. इथे खातेदाराचा मृत्यू झाला की बँक खातं गोठवते. वारसांची कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत ते उघडत नाही, आणि त्या वेळी घरातला फोन अशा बोटाच्या ठशावर बंद असतो जे आता नाही. म्हणून फोल्डर कुठे आहे, त्यात काय आहे, खाती कुठल्या बँकांत, विमा कुठला, हे नवरा-बायको दोघांना आणि भारतातल्या एका नातेवाइकाला माहीत हवं. आमच्या फोल्डरच्या पहिल्या पानावर ही यादी हाताने लिहिलेली आहे. तिची एक प्रत साताऱ्याला भावाकडे असते, आणि पासपोर्ट नवा झाला किंवा खातं बदललं की दोन्हीकडे ती ओळ खोडून नवी लिहिली जाते.