बी न धरणारं गवत

गणपतीला आपण जी दूर्वा वाहतो, आणि शेतात हरळी म्हणून जिच्या मुळ्या खणता खणता शेतकरी थकून जातो, तिचा वंश सिंगापूरच्या गोल्फ कोर्सवर मानानं नांदतो आहे. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या त्या गुळगुळीत तुकड्यावर, हे गवत रोज जेमतेम तीन मिलिमीटर उंचीला कापतात. इतकं खुडूनही ते मरत नाही, उलट जास्त दाट होतं.

हे गवत म्हणजे आपली दूर्वा आणि दक्षिण आफ्रिकेतलं एक बारीक पात्याचं गवत यांचा संकर. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे त्याला बीच धरत नाही. लावायचं तर कांड्यांचे तुकडे करून लावावं लागतं. म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर जिथे जिथे ते आहे, तिथे ते कुणीतरी कुणाकडून तरी आणलेलं आहे. हिरवळ राखण्याच्या धंद्यातलं ज्ञानही असंच हातोहात जातं.

हे संकर करणारे ग्लेन बर्टन अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टन नावाच्या गावी, मुळात गुरांच्या चाऱ्याच्या गवतावर काम करत. बाजरीवरही त्यांनी काम केलं. त्यांच्या ‘टिफ्ट 23ए’ या वाणाच्या आधारे 1965 मध्ये लुधियानाला भारतातली पहिली संकरित बाजरी, एचबी-1, तयार झाली. आपल्या ताटातली भाकरी आणि सिंगापूरची ग्रीन, दोन्हींचा धागा त्या एका गावात जाऊन पोहोचतो, हे कळल्यावर मी बराच वेळ थक्क होतो.

बर्टन यांनी 1956 मध्ये ‘टिफग्रीन’ आणलं. पुढे काही कोर्सवर त्याच गवतात मध्येच बुटकी ठिगळं दिसू लागली. निसर्गानं आपोआप केलेला तो बदल होता. रोज त्या ग्रीनवर वावरणाऱ्यांना ते वेगळेपण जाणवलं, नमुने टिफ्टनला पोहोचले, आणि 1965 मध्ये ‘टिफड्वार्फ’ जन्माला आलं. कोर्सवरच्या माणसाची प्रयोगशाळेतल्या माणसाशी ओळख नसती, तर ते ठिगळ रोगट समजून उपटून फेकलं गेलं असतं. शिक्षण मोठं की ओळख मोठी, हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो. दोन्ही एकमेकांना भेटतात तिथेच काहीतरी उगवतं.

अमेरिकेत हिरवळ राखण्याच्या शिक्षणाची सोय हिवाळ्यानं करून दिली. बर्फ पडलं की कोर्स झोपतो आणि माळ्याला सवड मिळते. मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयात प्रा. लॉरेन्स डिकिन्सन यांनी 1927 मध्ये ग्रीनकीपरांसाठी, म्हणजे कोर्सची हिरवळ राखणाऱ्यांसाठी, हिवाळी वर्ग सुरू केले, ते याच सवडीत. त्याआधी एकच वर्ष, 1926 मध्ये, ओहायोत ग्रीनकीपरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली होती. वर्ग आणि संघटना जवळपास जुळ्या भावंडांसारख्या आल्या, हा मला योगायोग वाटत नाही.

सिंगापुरात हिवाळा नाही. बेट विषुववृत्ताच्या सव्वा अंशावर, दिवस वर्षभर बारा तासांचा, पाऊस वर्षाला 2,100 मिलिमीटरच्या पुढे, म्हणजे पुण्याच्या जवळपास तिप्पट. वर्षातले 160 हून जास्त दिवस ढगांचा गडगडाट. गवत एक दिवसही झोपत नाही, मग त्याला सांभाळणाऱ्यानं शिकायचं कधी? आणि परदेशातली पुस्तकं इथे तंतोतंत लागू पडत नाहीत. विषुववृत्तावर ऊन मुबलक असेल असं वाटतं, पण ढगांमुळे ते बरंच अडतं. दूर्वेच्या कुळाला कडक ऊन लागतं, म्हणून इथे अनेक फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या लांब पट्ट्यांवर, कमी प्रकाशात तग धरणारं झोयसिया नावाचं गवत लावतात. हा धडा स्थानिक मातीवर उभं राहिल्याशिवाय मिळत नाही.

पहाटेचं एक काम जवळून बघण्यासारखं आहे. होलची जागा वरचेवर बदलावी लागते. दंडगोल पात्याचं होल कटर दाबून फिरवलं की 108 मिलिमीटर व्यासाचा मातीचा गोळा बाहेर निघतो. वर गवत, खाली वाळू, आणि वाळूत उतरलेली पांढरी मुळं. पुढचे काही महिने ग्रीन कशी राहणार, त्याचा अंदाज त्या गोळ्यावरून येतो. मुळं दोन बोटांत संपली असतील तर काळजीचं. वाळूत काळा पट्टा दिसला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर जास्तच काळजीचं. पाणी तुंबलं, हवा संपली, आणि हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनी गंधक वापरून हायड्रोजन सल्फाइड तयार केला, हे शिकलेला माणूस सांगेल. पण पट्टा डोळ्यांना दिसण्याआधी, पाऊल टाकताना जमीन मऊ लागली म्हणून थबकणारा माणूस बहुधा पंधरा वर्षं मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, चालवणारा असतो. भारत, बांगलादेश, मलेशिया अशा ठिकाणांहून आलेली अशी पुष्कळ माणसं सिंगापूरची हिरवळ राखतात.

आशियातल्या मोठ्या कोर्सवर वरच्या जागी अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात शिकलेले लोक बऱ्याचदा दिसतात. मोअरवरच्या माणसाकडे जाण असते, कागद नसतो, आणि त्याचं नाव पुढे करणारं कुणी नसतं. सिंगापुरात कार्यालय असलेल्या एशियन गोल्फ इंडस्ट्री फेडरेशननं ग्रीनकीपिंगचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवला. तो मला मोलाचा वाटतो, कारण त्यातून कागद मिळतोच, शिवाय शेजारच्या देशातला तोच त्रास भोगणारा सहकारीही भेटतो.

डॉ. मायका वुड्स यांची वाट शिक्षण आणि ओळख यांच्याच मिलाफातून गेली. हे अमेरिकन शास्त्रज्ञ आधी चीन आणि जपानमध्ये कोर्स सांभाळत होते, मग कॉर्नेलमधून डॉक्टरेट केली, आणि आशियाई हिरवळीवरच्या संशोधनाचं केंद्र चालवू लागले. ‘पेस टर्फ’ या संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी 2012 मध्ये मातीतल्या पोषणाची नवी मार्गदर्शक पातळी मांडली. गवत उत्तम वाढलेल्या ठिकाणच्या मातीचे हजारो नमुने पाहून त्यांनी ठरवलं की अमुक इतकं पोषण मातीत असलं की पुरे, त्यावर खत ओतायला नको. खर्च वाचला, नाल्यात जाणारं खतही घटलं. नमुने अर्थातच ठिकठिकाणच्या कोर्सवरून, माणसांमार्फत आले होते.

सिंगापुरात ओळखीला आणखी एक वजन आहे. तिथे गोल्फची सुरुवात 1891 मध्ये घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर झाली. 2014 मध्ये सरकारी हिशेबानुसार सुमारे 1,500 हेक्टर, म्हणजे देशाची 2 टक्के जमीन, गोल्फखाली होती. जमीन सरकारकडून भाडेपट्ट्यानं मिळते, आणि घरं, रेल्वे यांची गरज आधी येते. जुरोंग कंट्री क्लब 2016 मध्ये आणि रॅफल्स कंट्री क्लब 2018 मध्ये क्वालालंपूरकडे जाणाऱ्या वेगवान रेल्वेसाठी रिकामे झाले. ती रेल्वे रद्द झाल्याचं पुढे 2021 च्या पहिल्याच दिवशी जाहीर झालं. मरीना बे कोर्स 2024 मध्ये बंद झाला. कोर्स गेला की तिथल्या माणसाला दुसऱ्या कोर्सवर, नाहीतर व्हिएतनाम किंवा थायलंडमध्ये जागा शोधावी लागते. अशा वेळी पदवी दारापर्यंत नेते, दार उघडतो तो माणूस, ज्यानं तुम्हाला मुसळधार पावसानंतर वाळूत उतरलेलं पाहिलेलं असतं. मोठ्या स्पर्धांच्या आठवड्यात दुसऱ्या कोर्सवरचे ग्रीनकीपर मदतीला येतात. पहाटे चारला दिव्याच्या उजेडात सोबत गवत कापलेली माणसं एकमेकांना विसरत नाहीत.

राहुरी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. माती, पाणी आणि गवताचं जे शास्त्र तुम्ही शिकता, त्याला या क्षेत्रात किंमत आहे. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबला किंवा येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सला पत्र लिहून, सुपरिंटेंडेंटबरोबर, म्हणजे मुख्य ग्रीनकीपरबरोबर, एक पहाट काढू द्याल का, असं विचारा. तिथे मोअरवर बसणाऱ्या काकांशी बोला, त्यांना मुळांचं काय दिसतं ते विचारा, आणि जमलं तर तुमच्या पुस्तकातलं त्याचं कारण त्यांनाही सांगून या.