मुक्या रोग्याला औषध देताना

वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत जनावरांच्या औषधाचा विषय पाहून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. नागपुरात गोठा असलेली घरे आता थोडी राहिली. मग महालातल्या किंवा धंतोलीतल्या रहिवाशाने बैलाला औषध कसे पाजावे हे ऐकून काय करावे? प्रश्न रास्त आहे. पण ज्याच्या घरी सकाळी दुधाचे पातेले चुलीवर चढते, त्याच्या घरापर्यंत गाईला टोचलेले औषध पोचू शकते; आणि ते तेथेच थांबते असेही नाही. शिवाय ह्या विद्येशी आपल्या शहराचा शेजार जुना आहे. येथे 1958 साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि 2000 साली राज्याचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठही येथेच स्थापन झाले.

माणूस आजारी पडला तर तो बोलतो. औषध घशात अडकले तर हात वर करतो, अमुक गोळीने अंगावर पुरळ उठते हे आधीच बजावतो. जनावराची ही सोय नाही. म्हणून औषध देणाऱ्याने त्याच्या वतीने एक प्रश्न स्वतःला विचारायचा असतो: हे औषध नक्की जाणार आहे कोठे?

तोंडातून दिलेले औषध पोटात जाते, अशी आपली भाबडी समजूत असते. गाईच्या घशाशी अन्ननलिका आणि श्वासनलिका यांची तोंडे शेजारी शेजारी आहेत. जनावर आपण होऊन गिळते तेव्हाच श्वासनलिकेवर झाकण पडते. आता आपली रूढ पद्धत पाहा. एकाने शिंगे धरायची, दुसऱ्याने नाकपुड्यांत बोटे घालून तोंड आभाळाकडे करायचे, जीभ बाहेर ओढायची आणि बांबूची नळी घशात खुपसून सगळा काढा एकदम ओतायचा. जीभ ओढलेली, मान ताणलेली. ते बिचारे गिळणार कसे? काढा सरळ फुप्फुसात उतरतो. दोन-तीन दिवसांनी ताप चढतो, धाप लागते, नाकातून घाण वास येऊ लागतो, आणि घरधनी म्हणतो, "औषध दिले, पण आजार बळावला." आजार बळावलेला नसतो, नवा आजार आपणच ओतलेला असतो.

खरी रीत अगदी साधी आहे, फक्त तिला सवड लागते. मान जवळजवळ सरळ ठेवावी. नाक डोळ्यांच्या पातळीच्या वर जाऊ देऊ नये. पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये जी मोकळी जागा असते तेथून, गालफडात, थोडे थोडे औषध सोडावे. एक घोट गिळला की दुसरा. खोकला आला की डोके तत्क्षणी मोकळे सोडावे. काचेची बाटली वापरू नये, कारण दाढेखाली ती केव्हा फुटेल याचा नेम नाही. तेलाच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावे. पोटफुगीवर जवसाचे तेल पाजण्याची चाल विदर्भात घरोघर आहे आणि ती अगदीच चुकीची नाही. पण तेल मऊ असल्यामुळे चुकीच्या नळीत गेले तरी खोकला येईलच असे नाही. ते गुपचूप खाली उतरते. आणि जे जनावर आडवे पडले आहे, शुद्धीवर नाही, त्याला तोंडाने काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही.

व्यायल्यानंतर अंगातला चुना एकाएकी कमी होऊन जी गाय मान कुशीकडे वळवून निपचित पडते, ती ह्याच जातीची रोगी. तिला शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते आणि ती बघता बघता उठून उभी राहते. पशुवैद्यकातला हा सर्वांत नाट्यमय इलाज म्हणावा लागेल. परंतु तीच बाटली घाईने रिकामी केली तर हृदय बंद पडते. बाटली अंगाइतकी कोमट करून, ठोके ऐकत, दहा-पंधरा मिनिटे सावकाश द्यायची. मी शिकाऊ असताना माझ्या ज्येष्ठांनी माझा हात धरून बाटली खाली करायला लावली होती. गाईचे ठोके अडखळू लागले होते आणि माझे लक्ष मात्र घड्याळाकडे होते!

मात्रेची गोष्ट थोडक्यात सांगतो. मात्रा वजनावर ठरते आणि बैलाला तराजूत कोण घालणार? म्हणून अंदाज चालतो, आणि अंदाज बहुधा चुकतो. दर्जीची फीत पुरेशी आहे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजावा, खांद्याच्या टोकापासून बुडाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणून, मग लांबीने गुणून, 300 ने भागले की वजन पौंडांत येते. घेर 60 आणि लांबी 50 असेल तर 600 पौंड, म्हणजे सुमारे 272 किलो. जंतांवरचे जे इंजेक्शन 50 किलोला 1 मिलिलिटर ह्या प्रमाणात द्यायचे, ते येथे साडेपाच मिलिलिटर झाले. नजरेने 400 किलो धरणारा आठ देईल. 150 धरणारा तीन देईल, आणि त्या तिनाने जंत मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील.

मांजर पाळणाऱ्यांसाठी एक वाक्य. तापावरची पॅरासिटामॉलची आपली 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते; ते औषध निकामी करून बाहेर टाकण्याची शक्ती तिच्या यकृतात जवळजवळ नसते. लहान देह म्हणून अर्धी गोळी, हा हिशेब तिला लागू नाही.

आता उन्हाळ्याकडे वळू. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचायच्या असतात, म्हणजे नेमक्या नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो त्या दिवसांत. लस 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. मोटारसायकलच्या डिकीत तासभर राहिलेली लस दिसायला जशीच्या तशी दिसते. तिचा गुण गेला हे आषाढात गोठा रिकामा झाल्यावर कळते. उलट अतिकाळजीने बर्फाला चिकटवून गोठवलेली लसही वाया जाते. लस टोचणारा बर्फाची पेटी घेऊन आला आहे ना, एवढे तरी गुरे राखणाऱ्याने पाहावे. त्यात त्याचा अपमान नाही.

दुधाकडे येतो. कासेला सूज आली की कासेत किंवा मांसात प्रतिजैविक दिले जाते आणि त्याचा अंश काही दिवस दुधात उतरतो. ते दूध उकळले म्हणजे औषध नाहीसे होते, हा समज खोटा आहे. पेनिसिलीन सोसत नाही अशा माणसाला चहाच्या कपातूनही त्रास होऊ शकतो. गृहिणींना ह्याची एक खूण कधीकधी दिसते: विरजण चांगले असूनही दही लागत नाही, कारण दुधातल्या औषधाने विरजणातले जंतू मारलेले असतात. (दही न लागण्याला दुसरी कारणेही असतात, लगेच गवळ्याशी भांडू नये.) 2012 पासून अशा औषधांच्या वेष्टनावर किती दिवस दूध वापरू नये हे छापणे बंधनकारक आहे, आणि मुदत ठरवलेली नसेल तर दुधासाठी ती किमान सात दिवस धरायची असते. सात दिवसांचे दूध ओतून देणे हे दोन गाईंच्या धन्याला परवडत नाही, हे मी जाणतो. त्याला नुसते दरडावून भागणार नाही. दूध घेणाऱ्या संघाने आणि गिऱ्हाइकाने त्या तोट्याचा काही भार उचलला तरच तो खरे सांगेल.

औषधाचा सर्वांत लांबचा प्रवास मात्र कोणाच्याच कल्पनेत नव्हता. लंगडणाऱ्या, थकलेल्या बैलाला डायक्लोफेनॅक हे स्वस्त वेदनाशामक टोचले जाई. बैलाला आराम पडे. तो दोन-तीन दिवसांत मेलाच तर रानात टाकलेल्या देहात औषध शिल्लक राही, आणि ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. 1990 नंतरच्या पंधरा-सतरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक-दोन उरली. कारण 2004 साली उघडकीस आले, आणि हिशेब मांडल्यावर दिसले की शंभर मृत जनावरांत एकातही हे औषध असण्याची गरज नव्हती. त्याहून कमी प्रमाणही एवढ्या संहाराला पुरेसे होते. 2006 साली सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून 2015 साली ती कुपी 3 मिलिलिटरची करावी लागली. 2023 साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. मेलॉक्झिकॅम हे गिधाडांना न बाधणारे वेदनाशामक सहज मिळते आणि बैलाचे त्याने काही अडत नाही.

जानेवारी 2024 मध्ये हरयाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडे आपल्या पेंचच्या आणि ताडोबाच्या जंगलांत आणली गेली. गिधाड दिवसात शंभर किलोमीटर सहज हिंडते. पेंचहून रामटेक, पारशिवनीचे गोठे तर त्याच्या पंखाखालीच आहेत, आणि तेथला म्हातारा बैल मेला तर मरण्यापूर्वीच्या आठवड्यात त्याला कोणती सुई टोचली होती, हे त्याच्या धन्याला आठवले पाहिजे.