चित्रकार : अज्ञात

आमच्या मामांनी आयुष्याची तीस वर्षे मुंबईच्या सिनेमा थिएटरांचे बोर्ड रंगविले. पण चित्रप्रदर्शनात त्यांनी कधी पाऊल ठेवले नव्हते. कोणी चित्रकार म्हटले तर ते ओशाळून म्हणत, "अरे, आम्ही पेंटर. चित्रकारांची चित्रं जहांगीरला लागतात!"

ही जहांगीर आर्ट गॅलरी काळ्या घोड्याजवळ सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली उभी राहिली. आत जायला तिकीट नाही. तरीही आपल्यासारखी किती माणसे सहज आत शिरतात? बाहेर फुटपाथवर मांडलेली चित्रे आपण पाहतो, दाराशी क्षणभर घुटमळतो आणि ‘आपल्याला यातले काय कळते!’ असे म्हणून चर्चगेटची वाट धरतो. मी मराठीचा प्राध्यापक. वर्गात सौंदर्यावर तास तास बोलतो. पण मीही कित्येकदा असाच परतलो आहे.

१९९९ साली त्या परिसरात काळा घोडा कला महोत्सव सुरू झाला आणि हा संकोच थोडा सैल झाला. फेब्रुवारीतल्या त्या दिवसांत रस्त्यावरच नाच, गाणी, मांडणशिल्पे, मुलांच्या कार्यशाळा! चित्र पाहणाऱ्यांपेक्षा चित्रापुढे फोटो काढून घेणाऱ्यांची गर्दी अधिक. "कलेची जत्रा झाली," असे आमचे एक सहकारी म्हणतात. मीही त्यांच्या सुरात सूर मिसळीत असे.

गेल्या वर्षी शहरातल्या एका दालनात जुन्या सिनेमांची पोस्टरे आणि बोर्ड मांडले होते. आमची कन्या मामांच्या मागेच लागली, "मामाआजोबा, तुमचंच काम आहे, चला ना!" इस्त्रीचा शर्ट घालून मामा निघाले. दालनाच्या दाराशी येताच ते चपला काढू लागले. कन्येने हात धरून त्यांना तसेच आत नेले.

आत मात्र मामा निराळेच झाले. हातभर फोटोवर चौकोन आखायचे, तितकेच, पण मोठे चौकोन कापडावर आखायचे आणि एकेक चौकोन भरत दहा फुटांचा चेहरा उभा करायचा. जवळून नुसते फटकारे दिसतात. म्हणून मधूनमधून खाली उतरून रस्त्यापलीकडे जाऊन पाहायचे. गालावर गुलाबी आणि सावलीला निळा रंग का? तर धावत्या बसमधूनही नायिका ओळखू यावी म्हणून! मामा सांगत होते आणि भोवती कॉलेजातल्या मुलामुलींचे कोंडाळे जमले होते. फोटो काढणारी हीच ती मंडळी! मोबाइल खिशात टाकून ती ऐकत होती. माझीच मला लाज वाटली.

एका बोर्डापाशी मामा थबकले. खाली चिठ्ठी होती : ‘चित्रकार : अज्ञात’.

"अज्ञात कसला?" मामा म्हणाले, "हा आमच्या उस्तादांचा हात. बुबुळात पांढरा ठिपका असा तेच ठेवायचे."

व्यवस्था पाहणारी मुलगी वही घेऊन धावत आली. "काय नाव त्यांचं, आजोबा?"

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "आम्ही उस्तादच म्हणायचो गं."

या बोर्डांवर सही करण्याची रीतच नव्हती. पुढचा सिनेमा लागला की त्याच कापडावर नवे चेहरे चढत. जुने रंगाखाली जात. पुढे संगणकावर छापलेली फ्लेक्स आली आणि कामही गेले. हुसेन तरुणपणी मुंबईत असलेच बोर्ड रंगवीत. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना तर महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतो. अशी चार नावे राहिली. बाकीचे सारे अज्ञात.

ती जत्रा भरली नसती, तर मामा त्या दारातून आत गेले नसते आणि उस्तादांची आठवणही कोणी विचारली नसती. आता मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दर रविवारी आमची कन्या वही घेऊन त्यांच्यापुढे बसते आणि ते आठवतील तशा पेंटर सोबत्यांची नावे लिहून घेते. आजवर सतरा झाली आहेत. काही नुसतीच टोपणनावे आहेत.

पहिल्या पानावर तिने मामांचे नाव लिहिले आहे. पुढे ‘पेंटर’ असे लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. तिने तसेच लिहिले आहे.