गिनीपिग शिंकतोय? घरातल्या गोळ्यांना हात लावू नका!

गवताच्या धुळीने गिनीपिगला एखादी शिंक येतेच, त्याचं काही नाही. पण नाक-डोळे चिकट, श्वासाला घरघर, अंग फुगवून कोपऱ्यात बसणं आणि खाणं बंद? मग त्याच दिवशी डॉक्टर गाठा, शक्यतो ससे-गिनीपिग बघणारे. हा प्राणी नाकानेच श्वास घेतो; नाक चोंदलं की हाल होतात.

सगळ्यात महत्त्वाचं: अमॉक्सिसिलीनसारखी पेनिसिलीन गटातली औषधं तोंडावाटे देऊ नका. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक वाढतात आणि जीवच जातो. माणसाला चालतं म्हणून गिनीपिगला चालेल असं नाही.

उपाशी राहिला तर आतडी थंडावतात. म्हणून पेलेट्स कोमट पाण्यात कालवून सुईविना सिरिंजने, गालाच्या बाजूने, थोडं थोडं भरवा; उताणा धरून कधीच नाही. रोज वजन करा. क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही, तेव्हा ढोबळी मिरची हवीच. आजारपणातली जादा मात्रा डॉक्टर सांगतील.

पिंजरा कोरडा ठेवा, मुताचा वास साचू देऊ नका. आणि ससा पाळला असेल तर वेगळा ठेवा: बोर्डेटेला हा जिवाणू सशात लक्षणांविना राहतो, गिनीपिगला मात्र न्यूमोनिया करतो.