थेंबाची वाट, थंडीची वाट

यादी झकास झाली आहे, पोट्टेहो. तंबू, दोर, बॅटऱ्या, पत्त्यांचा कॅट, मॅगीची ढीगभर पाकिटं. थोरलीनं तर डासांची अगरबत्तीही लिहिली. पण ही झाली सामानाची यादी. झोपायचं कुठं, उतारावर की नदीच्या पात्राशी, कोणत्या झाडाखाली, हे कुठं लिहिलंय? डिसेंबरच्या सुटीत आधी सेमाडोह-कोलकास, मग चिखलदरा आणि शेवटी महानच्या धरणापाशी काटेपूर्णा, असाच बेत आहे ना तुमचा? मग बसा इकडं. आधी पाण्याची गोष्ट ऐका.

गाविलगडच्या डोंगररांगेच्या कण्यावर आषाढात दोन थेंब शेजारी शेजारी पडले. मध्ये अंतर वीतभर. एक घरंगळला उत्तरेला, दुसरा दक्षिणेला. उत्तरेचा सागाच्या जंगलातून सिपना नदीत गेला, सेमाडोह पाहिलं, कोलकास पाहिलं आणि तापीला जाऊन मिळाला. खंडू, खापरा, गडगा, डोलार या मेळघाटातल्या बाकीच्या नद्याही तापीच्याच लेकी. दक्षिणेच्या थेंबाला चंद्रभागा भेटली. पंढरपूरची नाही, आपली, चिखलदऱ्याची. तिच्याबरोबर त्यानं कड्यावरून उडी घेतली, दर्यापूरच्या काळ्या मातीतून वळणं घेत पूर्णा नदी गाठली आणि पश्चिमेला निघाला. शेवटी जळगाव जिल्ह्यात चांगदेवला पूर्णा आणि तापीचा संगम होतो, तिथं दोघं पुन्हा भेटले.

‘मंग वेगळं होऊन फायदा काय झाला?’ असं धाकटा विचारतोय. फायदा झाला. दक्षिणेच्या थेंबानं वाटेत जे पाहिलं, त्यावरून तुमचे पाण्याचे कॅन कुठं भरायचे हे ठरतं.

परतवाड्याहून उत्तरेकडे पाहिलं की डोंगर एकदम भिंतीसारखा उभा दिसतो. ती भिंत उगाच नाही. तिथं जमिनीचं कवच फार पूर्वी तडकलं. भूगर्भतज्ज्ञ त्याला गाविलगडचा भ्रंश म्हणतात. तड्याच्या उत्तरेचा सातपुडा वर राहिला आणि दक्षिणेचा भाग खचत गेला. त्या खोलगटात नद्यांनी गाळ आणून टाकला, इतका की काही ठिकाणी त्याची जाडी शेकडो मीटर आहे. या जुन्या गाळात पाणी संथ मुरतं, त्याला बाहेर पडायला धड वाट नाही, आणि क्षार तिथंच साठत राहतात. हाच आपला खारपाणपट्टा. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या कितीतरी गावांत विहिरीला पाणी भरपूर, पण घोट घेतला की तोंड वाकडं. दोन थेंब एकाच ढगातले, एकाच खडकावर पडलेले, पण दक्षिणेच्या थेंबाला वाटेत हा खारेपणा भेटला. म्हणून चिखलदऱ्याहून अकोल्याकडे उतरताना पिण्याचं पाणी वरच भरून घ्या. वाटेत एखादी विहीर दिसेल, या भरवशावर राहू नका.

आता थंडीची गोष्ट. अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटर उंचीवर, चिखलदरा अकराशेच्या वर. हवा हजार मीटर चढली की सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे चिखलदरा आपल्यापेक्षा पाचेक अंशांनी थंड. हे शाळेतलं गणित बरोबरच आहे. पण हिवाळ्याच्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हे गणित पहाटेपर्यंत उलटं होऊ शकतं.

सूर्य बुडाला की जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते. ढग असते तर त्यातली बरीचशी परत आली असती. ढग नाहीत, तर जमीन गार, आणि तिला लागून असलेली हवाही गार. गार हवा जड. ती डोंगराच्या उतारावरून ओढ्याच्या पाण्यासारखी खाली सरकते आणि दरीच्या तळाशी साचते. वरची उबदार हवा तिच्यावर झाकण घालून बसते. म्हणून नदीच्या अगदी पात्राशी झोपलेला माणूस पहाटे कुडकुडतो आणि त्याच्यापेक्षा थोड्या उंचावर, उताराच्या मधल्या टप्प्यावर झोपलेल्याला एकाच गोधडीत भागतं. खरं वाटत नसेल तर सेमाडोहला दिवेलागणीला एक साधी उदबत्ती लावा आणि धूर कुठं जातो ते पाहा. आधी वर जाईल, मग हळूच नदीकडे वळेल. जंगलात लावायची तर वनखात्याच्या संकुलाच्या फरशीवर, आणि विझेपर्यंत शेजारी बसून. एक स्वेटर चिखलदऱ्यासाठी घेतला असेल तर सेमाडोहसाठी दोन घ्या.

नदीपात्रातल्या मऊ वाळूवर झोपायचं नाही, याला आणखी एक कारण आहे. डोंगरात वीस किलोमीटर वर पाऊस पडला तर तुमच्या डोक्यावर चांदणं असतानाही पाणी वाढतं. डिसेंबरात हे क्वचित, पण अवकाळीचा नेम नाही. शिवाय मेळघाटात मनाला येईल तिथं तंबू ठोकताही येत नाही. देशात सुरुवातीला जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. तिथं वनखात्याच्या संकुलात, आधी आरक्षण करूनच राहायचं. मला हा नियम पसंत आहे.

मार्च-एप्रिलात जाणाऱ्यांना मी वेगळं सांगतो: मोहाखाली मुक्काम करू नका. मोहाची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं परागीभवन करतात आणि पहाटे गोड, गरगरीत पाकळ्यांचा सडा पडतो. कोरकू आदिवासी बायाबापड्या टोपल्या घेऊन येतात, पण त्यांच्याही आधी अस्वल येतं. अस्वलाच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. वारूळ नखांनी फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या आणि त्या दातांच्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची, अशी त्याची जेवायची रीत. तो फुरफुराट शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. नजर आणि कान त्याचे यथातथाच, त्यामुळं माणूस एकदम समोर आला की ते दचकतं आणि अंगावर धावतं. वाघापेक्षा अस्वलाला भिऊन राहा, असं जंगलातली जाणती माणसं म्हणतात ती उगाच नाही.

रात्री संकुलाच्या कुंपणाशी उभं राहून एक खेळ खेळा. बॅटरी कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरा आणि गवतावर प्रकाश टाका. दवासारखे बारीक हिरवट ठिपके चमकतील. जवळ जाऊन पाहिलंत तर प्रत्येक ठिपक्याला आठ पाय! ते जमिनीवर शिकार करणारे कोळी. त्यांच्या डोळ्यांत, हरणाच्या आणि बिबट्याच्याही डोळ्यांत, पडद्यामागे आरशासारखा थर असतो. डोळ्यात शिरलेला उजेड एकदा निसटला तरी परत उलटून येतो, आणि प्राण्याला तोच उजेड दोनदा वापरता येतो. वानराच्या डोळ्यांत हा आरसा नाही, तुमच्या-माझ्याही नाही. आपण दिवसाचे प्राणी. मात्र जनावराच्या डोळ्यांवर झोत धरून ठेवू नका, त्याला काही काळ दिसेनासं होतं.

आणि सगळी घुबडं रात्रीचीच, असं कुणी सांगितलं तर त्याला रानपिंगळ्याची गोष्ट सांगा. ॲलन ह्यूमनं १८७३ मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं. हो, पुढं काँग्रेस स्थापन करणारे तेच ह्यूम. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. फक्त कर्नल माइनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज पक्षितज्ज्ञाचा दावा होता की १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ त्याला तो मिळाला. शोधणारे त्या पत्त्यावर जात आणि रिकाम्या हाती परत येत. पुढं पामेला रासमुसेन या अमेरिकी बाईंनी संग्रहालयातला तो पेंढा भरलेला पक्षी बारकाईनं तपासला. कर्नलसाहेबांनी दुसऱ्याचा जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, वर खोटी चिठ्ठी लावली होती! खोटा पत्ता बाजूला ठेवून बाई आणि त्यांचे सोबती जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळू लागले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्याच पायथ्याशी, भर दिवसा, पानं झडलेल्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! नंतर तो मेळघाटातही सापडला, आणि आज हे त्याचं एक मोठं घर आहे. सकाळी उन्हं आली की उघड्या सागाचे शेंडे पाहत चला. शेपूट झटकत बसलेला, ठिपके कमी असलेल्या डोक्याचा बुटका पक्षी दिसला तर आरडाओरडा करू नका.

राहिलं काटेपूर्णा अभयारण्य. महानच्या या धरणाचं पाणी अकोला शहर पितं. माती जितक्या उष्णतेनं एक अंश तापते, तिच्या चार-पाच पट उष्णता तेवढ्याच वजनाच्या पाण्याला लागते. म्हणून पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. पहाटे काठाची जमीन थंडगार, पाणी अजून कोमट, आणि त्यावर वाफेसारखं धुकं. फोटो छान येतात, अंथरुणं ओली होतात. पाण्यापासून दूर राहण्याचं एवढंच कारण असतं तर मी आग्रह धरला नसता.

खरं कारण चौशिंगा. हे अभयारण्य १९८८ चं, आणि चौशिंग्यासाठी त्याचं नाव आहे. चार शिंगं असलेला जंगली प्राणी जगात हा एवढाच, आणि तो भारत आणि नेपाळ सोडून कुठंच नाही. शिंगं फक्त नराला. मागची जोडी आधी येते, पुढची बुटकी जोडी उशिरा. अंगानं शेळीएवढा, स्वभावानं भित्रा, कळपात न राहणारा. चिंकारा पाण्याशिवाय कितीतरी दिवस काढतो, याला ते जमत नाही, म्हणून पाण्याच्या आसपासच राहतो. तुम्ही पाण्याच्या कडेला सतरंजी पसरून दुपारभर बसलात तर तो झुडपाआड उभा राहील आणि तहानलेलाच परत जाईल. तेव्हा वनखातं दाखवील त्याच जागी मुक्काम करा, काठावर गेलात तर घटकाभर बसून उठा, आणि गाण्याचा डबा मात्र घरीच ठेवा.